डिस्कवरची फूक

भाऊराव बँडची वरात गल्लीत शिरली की आधी ढोल ऐकू यायचा, मागोमाग ताशा, आणि मग त्या सगळ्या गदारोळावरून सरळ वर चढणारं गफ्फारचं क्लॅरनेट. जानेफळपासून मेहकरपर्यंतच्या गावांत बायका हातातलं धुणं तसंच धरून दारात यायच्या आणि एकमेकींना म्हणायच्या, "गफ्फारच हाये." नवरदेव कोण, कुणाकडचा, ते नंतर विचारलं जायचं.

गफ्फारचे वडील याच बँडमध्ये होते, भाऊरावच्या वडिलांच्या काळात. त्यांच्याकडूनच तो शिकला. नोटेशन त्याला कधी वाचता आलं नाही, पण एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं वाजवायचा आणि तिसऱ्या दिवशी त्यात स्वतःचं काहीतरी घालायचा. पन्नाशीला आला तरी उन्हात चार तास चालत वाजवायची त्याची तयारी असायची. गालात तंबाखूची गोळी तेवढी लागायची.

त्या गालातच डाव्या बाजूला चट्टा उठला. क्लॅरनेटच्या तोंडाशी असलेल्या पत्तीमुळे घासलं असेल, असं समजून त्यानं लग्नाचा सगळा हंगाम तसाच काढला. जेवताना तोंडात आग व्हायची, तर बायको जहांआरा त्याला भात ताकात कालवून द्यायची. शेवटी तोंड दोन बोटांपुरतंच उघडू लागलं तेव्हा ती त्याला धरून नागपूरला घेऊन गेली. तपासण्यांत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की डाव्या जबड्याचं हाड आणि गालाचा बराचसा भाग काढावा लागेल, त्यानंतर किरणांचा शेक घ्यावा लागेल, आणि वेळेत आला आहात.

गफ्फारनं एकच विचारलं. "क्लॅरनेट वाजवता येईन का डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांनी उत्तर लांबवलं नाही. "ओठ एका बाजूनं मिटणार नाहीत. हवा तिथून निघून जाईल. नाही वाजवता येणार."

ऑपरेशनसाठी रांग होती. तारीख मिळाली जवळजवळ महिन्यानंतरची. परतीच्या एसटीत जहांआरा खिडकीकडे तोंड करून बसली होती. गफ्फार मांडीवर बोटं हलवत होता, वाजवताना हलवतो तशीच. जानेफळला उतरल्यावर तो म्हणाला, "तू घरी जा. मी आलो." आणि स्टँडच्या मागच्या बाजूला वळला.

तिथं समताचं दुकान होतं. पुढच्या खोलीत झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज, मागच्या खोलीत तिनं हौसेनं उभा केलेला छोटा स्टुडिओ. तिच्या भावाची भीमगीतांची पार्टी होती. त्यांची गाणी ती तिथंच रेकॉर्ड करून भरायची. कॉम्प्युटर दुरुस्तीचं कामही करायची. गफ्फारला ती लहानपणापासून चाचा म्हणत आलेली.

"समता," गफ्फार दारातूनच म्हणाला, "माह्या क्लॅरनेटचा आवाज भरून ठेवता येईन का?"

"येईन ना चाचा. कोनती गानी भराची?"

"गानी नाई. गानं भरलं तं थे तसंच्या तसं वाजत राहीन. मले वाजवाचं हाये. तोंड जाऊन राह्यलं, बोटं तं राहतीन ना?"

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. समतानं झेरॉक्सचं मशीन बंद केलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. कॉम्प्युटरसमोर बसून तिनं काही चाळून पाहिलं. नंतर म्हणाली, "होते चाचा. पन गानं भरन्यापेक्षा लय मेहनत हाये."

तिनं समजावून सांगितलं. क्लॅरनेटचा प्रत्येक सूर वेगळा भरायचा. तोच सूर हळू, मध्यम आणि जोरात. जीभ लावून आणि जीभ न लावता. खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सगळे. मग ते कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि पेटीसारखा कीबोर्ड त्याला जोडायचा. ज्या सुराची पट्टी दाबाल तो सूर कॉम्प्युटर काढून देईल. हळू दाबली तर हळूचा, जोरात दाबली तर जोराचा.

"म्हंजे फूक माहीच?"

"फूक तुमचीच चाचा. अन् बोटंबी तुमचीच."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मागच्या खोलीच्या भिंतींवर समताच्या घरच्या गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, आणि गफ्फार माइकसमोर उभा राहिला. एक सूर दम संपेपर्यंत धरायचा, थांबायचं, पुन्हा तोच. समता म्हणायची, एवढा लांब कशाला, थोडा घेतला तरी कॉम्प्युटर तो फिरवून फिरवून लांबवतो. गफ्फार ऐकायला तयार नव्हता. "फूक सरता सरता आवाज कसा पातळ होते, थो पाहिजे मले. फिरवलेला नाई चालनार." त्यामुळे एकेक फाइल मोठीच्या मोठी झाली.

शेवटच्या आठवड्यात चट्टा फुटला. पत्ती लाल व्हायची. तो ती रुमालानं पुसायचा आणि पुन्हा ओठात धरायचा.

"चाचा, बस करा आता."

"तारचे सूर राह्यले."

तारसप्तकातले जोराचे सूर त्यानं नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी भरले. ते झाल्यावर त्यानं क्लॅरनेटचे भाग सुटे केले, तेल लावून पुसले आणि पेटीत ठेवले.

ऑपरेशन झालं. शेक झाले. त्या महिन्यांबद्दल गफ्फार पुढेही कधी बोलला नाही. घरी आला तेव्हा त्याचा डावा गाल आत गेलेला होता, पाणी पिताना कोपऱ्यातून ओघळायचं, आणि बोलणं जाडंभरडं झालं होतं. जहांआराला ते कळायचं, समताला कळायचं, बाकीचे दोनदा विचारायचे. पण उठून बसता येऊ लागलं तसा त्यानं कीबोर्ड मागवून घेतला.

कॉम्प्युटर मेहकरच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला होता. आजारपणानंतर नवं यंत्र घ्यायची ऐपत उरली नव्हती. जुनं विंडोज त्यावर रांगत चालायचं म्हणून समतानं लिनक्स टाकून दिलं होतं. डिस्कचा मोठा भाग मात्र आधीपासून होता तसाच तिनं राहू दिला, आणि गफ्फारच्या सगळ्या फाइली त्यावर ठेवल्या; स्टुडिओच्या मशीनवर जागा उरली नव्हती म्हणून तिथल्या पुसून टाकल्या. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही.

गफ्फारनं पहिली पट्टी दाबली. खोलीत त्याचा सूर उमटला. थोडा श्वास, थोडी पत्तीची कुरकुर, आणि मग तो मोकळा, गोल आवाज. स्वयंपाकघरात जहांआरा पोळ्या लाटत होती. ती पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली.

"तुमने बजाया?"

गफ्फारनं मान हलवली. 

पुढचे काही महिने तो त्या कीबोर्डवरून उठला नाही. क्लॅरनेटची बोटं वेगळी, पेटीची वेगळी. सुरुवातीला हात अडखळायचे. मग हळूहळू संथ गाणी जमली. पण गाणं जलद झालं, तीन-चार सूर एकमेकांवर आले, की स्पीकरमधून तडतड व्हायची. कढईत ओलं काही पडावं तशी. कधी सूर मधूनच तुटायचा.

अशातच भाऊरावचा निरोप आला. सुलतानपूरला एका घरी हळद होती, जरा येऊन वाजवून पाहा. भाऊरावला मनापासून वाटत होतं की गफ्फार परत यावा. बँडच्या गाडीवर कॉम्प्युटर बांधला, जनरेटरला जोडला आणि मांडवासमोर नेला. पहिलं गाणं संथ होतं. म्हातारी माणसं खुर्च्या ओढून जवळ आली. दुसऱ्या गाण्याला पोरं नाचायला उतरली, लय चढली, आणि भोंग्यांतून तडतड सुरू झाली. अंतऱ्यावर तर एक सूर अर्ध्यात कापला गेला आणि पुढचा आलाच नाही. ढोल एकटाच वाजत राहिला.

"भोंगा फुटला बे!" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले.

भाऊरावनं खूण केली तशी ट्रम्पेटवाल्यानं गाणं उचललं. गफ्फारनं कीबोर्डवर कापड टाकलं आणि उरलेला कार्यक्रम गाडीवर बसून काढला.

परतीच्या वाटेवर भाऊराव त्याच्या शेजारी येऊन बसला. "गफ्फार, वाईट नको मानू. तू येत जाय. बाकीच्यायले सूर सांग, गानी बसवून दे. वाजवाचं आता राहू दे."

"सूर सांगाले तोंड लागते भाऊराव. माहं तोंड कोनाले समजते?"

भाऊरावनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुळशीच्या लग्नापर्यंत थांब," गफ्फार म्हणाला. "तुह्या लग्नाच्या सुपाऱ्या तवाच सुरू होतीन. तवापर्यंत जमलं तं गाडीवर मले जागा ठेव. नाई जमलं तं मी सोताच हे डबडं समताच्या दुकानात परत नेऊन ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर समताच्या मागच्या खोलीत आला. तिनं आधी वायरी बदलल्या. मग साउंड कार्ड बदलून पाहिलं. पंख्यातली धूळ काढली. नको ते सगळे प्रोग्राम बंद केले. तडतड होती तशीच.

"बफर वाढवून पायतो," ती म्हणाली. आणि गफ्फारच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते सोपं करून सांगितलं. कॉम्प्युटर आवाज थेट स्पीकरला देत नाही. आधी एका वाटीत जमा करतो आणि वाटी भरली की ओततो. वाटी लहान असेल तर सूर पट्टी दाबल्या दाबल्या येतो. पण मागून आवाज यायला जरा उशीर झाला की वाटी रिकामी राहते, तीच तडतड. वाटी मोठी केली की तडतड जाईल.

तिनं वाटी मोठी केली. तडतड गेली खरी. पण गफ्फारनं पट्टी दाबली आणि सूर जरा वेळानं आला. त्यानं मोबाइलवर ढोलाचा ठेका लावला आणि त्यावर वाजवायला लागला. चार ओळींत त्याचे हात थांबले.

"ढोल पुढे चालला, मी मांगं मांगं पळून राह्यलो. असं नाचनार कोन?"

वाटी पुन्हा लहान झाली. तडतड परत आली. समता हताश होऊन स्टुलावर बसली. गफ्फार मात्र वाजवतच राहिला. आता तो गाणं वाजवत नव्हता. एकेक सूर दाबायचा, थांबायचा, कान देऊन ऐकायचा. पुन्हा दाबायचा. असं किती तरी वेळ चाललं. समतानं चहा मागवला, तो गार झाला.

"समता, इकडे ये. आयक."

त्यानं एक सूर दाबला. सूर साफ उमटला आणि क्षणभरानं तडकला. त्यानं तोच सूर पुन्हा दाबला. या वेळी तडकला नाही. मग त्यानं दुसरा दाबला. पुन्हा तेच. पहिल्या खेपेला तडकला, दुसऱ्या खेपेला साफ.

"सुरुवात साफ असते. मधात तडकते. अन् एक डाव वाजला की मंग नाई तडकत. काऊन?"

समता उठून उभी राहिली. "चाचा, पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. समताच्या डोक्यात एकदम उजेड पडला. प्रत्येक सुराची सुरुवात तेवढी कॉम्प्युटरच्या मेमरीत भरून ठेवलेली असते. उरलेला लांबलचक भाग वाजता वाजता डिस्कवरून आणावा लागतो. एकदा आणला की तो काही वेळ मेमरीत राहतो, म्हणून दुसऱ्या खेपेला अडचण येत नाही. म्हणजे घोडं अडत होतं ते डिस्कवर.

तिनं तो दिवस वाचण्यात घालवला. लिनक्सवर आवाजाचं काम करणारी जगभरातली माणसं एकमेकांना काय विचारतात, काय सांगतात, ते सगळं. संध्याकाळी ती गफ्फारच्या घरी आली. जहांआरानं चहा ठेवला.

"चूक माही हाये चाचा," समता म्हणाली. "डिस्कवर फाइली ठेवाची एक पद्धत असते. तिले फाइल सिस्टीम म्हंतात. तुमच्या डिस्कचा थो भाग अजून विंडोजच्या पद्धतीचा हाये, एनटीएफएस. वरतून मी लिनक्स टाकलं. लिनक्सले थे वाचता येते, पन या जुन्या मशीनवर मधात एक दुभाष्या बसून राह्यला. दरवेळेस फाइल मांगतली की थो भाषांतर करून देते. तुमी पट्टी दाबली की मशीनची निम्मी ताकद त्या दुभाष्यातच जाते. वाटी भराले उशीर होते."

"मंग दुभाष्याले काढ."

"काढता येते. थो भाग लिनक्सच्या पद्धतीचा कराव लागीन. ईएक्सटी-फोर. पन पद्धत बदलवाची म्हंजे त्या भागावरचं सगळं पुसाव लागते."

चहाचा कप जहांआराच्या हातात तसाच राहिला. "सगळं?"

"सगळं चाची. आधी दुसरीकडे उतरवून घ्याचं, मंग पुसाचं, मंग परत टाकाचं."

जहांआरा नवऱ्याकडे वळली. घरातलं बोलणं घरच्याच भाषेत झालं. "उसमें तुमारी सांस है जी. चली गई तो कहां से लाओगे? ठीक तो है, धीमे गाने बजाओ. घर में बजाओ. मैं सुनती हूं ना."

 गफ्फार हळूहळू, शब्द नीट उमटावेत म्हणून थांबत थांबत, म्हणाला, "घर में बजाने के लिए नहीं भरी थी."

जहांआरानं त्यावर वाद घातला नाही. पण आत जाऊन तिनं भांडी जरा जास्तच आपटली.

समतानं आपल्या दुकानातल्या डिस्कवर जागा रिकामी केली आणि सगळ्या फाइली तिकडे उतरवायला लावल्या. उतरवून झाल्यावर ती म्हणाली, "झालं. आता पुसू."

"थांब," गफ्फार म्हणाला. "पयले मी आयकतो."

"काय?"

"सगळं."

शेकडो फाइली होत्या. प्रत्येक सूर दम संपेपर्यंत धरलेला. समतानं सांगून पाहिलं की कॉम्प्युटर स्वतःच दोन्हीकडच्या फाइली ताडून बघतो. गफ्फार म्हणाला, त्यालेबी पाहू दे, मीबी पायतो. त्यानं कानाला हेडफोन लावला आणि ऐकायला बसला.

रोज सकाळी तो दुकानात यायचा आणि जेवायच्या वेळेपर्यंत ऐकायचा, जेवून यायचा आणि दिवे लागेपर्यंत ऐकायचा. पुढच्या खोलीत लोक पीक विम्याचे अर्ज भरायला यायचे, आधार कार्डाच्या झेरॉक्स काढायचे, आणि मागे हा माणूस डोळे मिटून बसलेला. पहिल्या दिवशीच्या सुरांत त्याचा श्वास मोकळा होता. पुढे पुढे तो जड होत गेलेला त्याला ऐकू यायचा. एका फाइलच्या शेवटी समताचा आवाज होता, "पानी घ्या चाचा." एकीत रस्त्यावरून ट्रॅक्टर गेलेला. शेवटच्या दिवसाच्या फाइलींत प्रत्येक सुराआधी एक अगदी बारीक आवाज होता. तो काय, हे समताला कळलं नसतं. दुखऱ्या तोंडात पत्ती धरताना त्यानं दातांतून ओढलेला तो श्वास होता. तेवढा भाग त्यानं पुन्हा पुन्हा ऐकला. डावा गाल आता बधिर होता, पण त्याला तिथं आग झाल्यासारखी वाटली.

आणि ऐकता ऐकता त्याला खोट सापडली. काही फाइली मध्येच तुटत होत्या. समतानं तपासलं. तिच्या मशीननंही त्याच दाखवल्या. केबल सैल होती. तिनं केबल बदलून त्या पुन्हा उतरवल्या आणि गफ्फारनं त्या पुन्हा ऐकल्या. सगळ्या साफ आल्या, एक सोडून. तारसप्तकातला सा, जोराचा. तो कितीदाही उतरवला तरी अर्ध्यावर कापला जायचा. डिस्कवरची तेवढी जागाच खराब झाली होती.

"याचसाठी सुलतानपूरले अंतऱ्यावर सूर तुटला व्हता," समता म्हणाली. तिचा आवाज पडला होता. "थो आता भेटनार नाई चाचा. कसाच नाई."

गफ्फार उठून दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. समोर स्टँडवर एसटी लागलेली होती, कंडक्टर मेहकर मेहकर ओरडत होता. समता बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मध्यमचा हाये ना त्याच सुराचा. थो मी मोठा करून देतो. कोनाले समजनार नाई."

"मले समजन," गफ्फार म्हणाला. "आवाज मोठा केला म्हनून फूक मोठी होत नाई."

"मंग?"

त्यानं मांडीवर बोटं ठेवली आणि मनातल्या मनात एक गाणं म्हणून पाहिलं. मग दुसरं. वरच्या सा वर जोरात जायच्या ऐवजी तो खाली निषादावर थांबला, तिथं दम धरला आणि मध्यम जोरात, अलगद वर गेला. पुन्हा करून पाहिलं.

"मंग त्या सुरावर जोरात जाचंच नाई. गानं जराक फिरवून बांधतो. चाल."

आत आल्यावर समतानं सगळी तयारी केली. उतरवलेल्या फाइलींची आणखी एक नक्कल तिनं दुसऱ्या डिस्कवर करून ठेवली होती. ती डिस्क तिनं कपाटात कुलूप लावून ठेवली आणि किल्ली गफ्फारच्या हातात दिली. मग पडद्यावर एक ओळ टाइप केली. "हे दाबलं की पुसनं सुरू होते. अन् पुसता पुसता खराब जागा कोनती थेबी मशीन शोधून बाजूले ठेवन. तिच्यावर परत काई लिहिनार नाई. दाबू?"

"मी दाबतो."

गफ्फारनं पडद्याकडे बघितलं. तिथं काही आकडे आणि इंग्रजी अक्षरं होती, त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं.  मग त्यानं एंटरवर बोट ठेवलं, सूर लावावा तसं, आणि दाबलं.

पुसायला वेळ लागला. समतानं त्याला घरी जायला सांगितलं, तो गेला नाही. पुसून झाल्यावर फाइली परत टाकल्या. आधी त्या सायबर कॅफेतल्या जुन्या कचऱ्याच्या फटीफटीत तुकड्या तुकड्यांनी बसलेल्या होत्या, आता बहुतेक सलग बसल्या. दर वेळी फाइल उघडली की ती कधी उघडली हे डिस्कवर लिहून ठेवायची कॉम्प्युटरला सवय असते, तीही समतानं बंद केली. वाटी लहान ठेवली. अगदी लहान.

"वाजवा चाचा."

त्यानं एकदम जलद गाणं घेतलं, सुलतानपूरला फसलेलंच. सूर एकामागून एक आले, एकमेकांवर चढले, उतरले. समता तडतडीची वाट बघत ताठ बसली होती. अंतरा आला. तो निषादावर थांबला, अलगद वर गेला, खाली आला. गाणं संपलं.

"पुन्हा एक डाव," समता म्हणाली. तिचा विश्वास बसत नव्हता.

त्यानं पुन्हा वाजवलं. मग आणखी तीन-चार गाणी. एका जागी, खूपच सूर एकत्र आले तेव्हा, एकदा बारीकसं तडकलं. समता लगेच पडद्याकडे धावली. गफ्फारनं हातानं तिला थांबवलं. "तेवढं पत्तीबी करते कधी कधी. राहू दे."

मग तो कपाळाला हात लावून बसला आणि रडला. समता पुढच्या खोलीत गेली आणि आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, थोडं थांबा, लाइट नाई.

तुळशीचं लग्न झालं आणि भाऊराव बँडची पहिली वरात लागली, जानेफळमध्येच. सकाळचं ऊन होतं. गाडीवर कॉम्प्युटर, जनरेटर आणि कीबोर्ड, आणि कीबोर्डमागे गफ्फार, पांढरा शर्ट आणि बँडची लाल टोपी घालून. भाऊरावनं आधीच ट्रम्पेटवाल्याला सांगून ठेवलं होतं, तयार राह्यजो. गफ्फारनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्याच गाण्याला त्यानं जलद लय मागितली. ढोलवाल्यानं भाऊरावकडे बघितलं. भाऊरावनं मान हलवली. ढोल सुरू झाला आणि त्याच्यावर क्लॅरनेट चढलं. पोरं नाचायला उतरली. वरात स्टँडवरून मारुतीच्या देवळाकडे निघाली, तिथून मशिदीच्या गल्लीनं पुढे सरकली. त्या गल्लीत गफ्फारचं घर होतं. जहांआरा दारात उभी होती, डोक्यावर पदर सावरून. शेजारची वच्छलाबाई ओट्यावर येऊन म्हणाली, "बाप्पा, कोन वाजवून राह्यलं हे? गफ्फारवानी वाटते."

"वोही है," जहांआरा म्हणाली. नंतर तिनं ते वच्छलाबाईला कळेल असं पुन्हा सांगितलं. "थेच वाजवून राह्यले."

कुणीही भोंग्याकडे बघितलं नाही. कुणाला यंत्र आठवलं नाही. नाचणाऱ्या पोरांनी दोनदा तेच गाणं मागितलं आणि त्यानं ते दोनदा वाजवलं, दुसऱ्यांदा अंतऱ्यात एक नवी जागा घेऊन. मांडवाशी वरात थांबली तेव्हा भाऊराव गाडीवर चढला.  त्यानं गफ्फारच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "उद्या सक्काळीच निघाव लागते. मेहकरची सुपारी हाये."

"हाव," गफ्फार म्हणाला.

तो हंगाम त्यानं पूर्ण वाजवला. दर काही महिन्यांनी नागपूरला तपासायला जावं लागतं, थंडीत जबडा ठणकतो, आणि जेवणाला त्याला अजूनही इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. एकदा गाडी खड्ड्यात आदळली आणि कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा अख्खी वरात नुसत्या ढोलावर गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं डिस्कखाली मोटारसायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून घेतले.

गेल्या उन्हाळ्यात वरवट बकालहून किसनराव नावाचे एक सनईवाले बस बदलत बदलत त्याला शोधत आले. त्यांचे पुढचे दात हलायला लागले होते, सनई आता फार दिवस फुंकता येणार नव्हती. ते दुकानाच्या मागच्या खोलीत बसले, सनई मांडीवर ठेवली आणि हे सगळं कसं होतं ते विचारू लागले. गफ्फारनं त्यांना आपल्या जाड बोलण्यात समजावून सांगितलं. किसनरावांना अर्धं कळलं, अर्धं समतानं सांगितलं.

"लय दिवस लागतीन," गफ्फार म्हणाला. "अन् थकसान. आजपासून करता का उद्यापासून?"

"आलोच हाव तं आजच," किसनराव म्हणाले आणि सनईची पत्ती तोंडात भिजवायला लागले. समतानं पंखा बंद केला.